गॅरेजच्या दरवाजावरच्या विटा थंडीने फुटत आहेत; दुरुस्तीला कोठून सुरुवात करावी?

क्रेडिटकाठ (मिसिसागा, ओंटारियो):

सर्वांना नमस्कार. आमचे घर १९८० च्या दशकातले, दुमजली आणि बाहेरून विटांचे आहे. गॅरेजला १६ फुटी एकच रुंद दरवाजा असून त्याच्या वर एक शयनखोली आहे. दरवाजावरच्या पोलादी लिंटेलवर (वरच्या विटांचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीवर) आधी विटांचे सात थर आहेत, त्यांच्या वर त्या खोलीची रुंद खिडकी आहे आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंनी भिंत थेट छपरापर्यंत गेली आहे. भिंतीचे तोंड दक्षिणेला आहे.

गेल्या काही हिवाळ्यांपासून या सात थरांमधल्या विटांचे दर्शनी पापुद्रे सुटत आहेत. फेब्रुवारीत बर्फ वितळू लागले की सकाळी ड्राइव्हवेवर लाल कपच्या पडलेल्या दिसतात. काही विटांचा पुढचा अर्धा इंच भाग पूर्ण गेला असून आतला पिवळसर, भुसभुशीत गाभा उघडा पडला आहे. खिडकीच्या बरोबर खाली नुकसान सर्वाधिक आहे आणि दोन्ही टोकांकडे ते कमी होत जाते. लिंटेलच्या पोलादावर गंज आहे, पण तो वरवरचा आहे की आतपर्यंत गेला आहे हे मला खालून पाहून कळत नाही. घराच्या इतर तीन बाजूंच्या विटा मात्र अगदी नव्यासारख्या आहेत.

दोन कंत्राटदार येऊन पाहून गेले. पहिल्याच्या मते फुटलेल्या विटांवर सिमेंटचा लेप देऊन त्यावर पारदर्शक सीलर मारला की काम झाले. दुसऱ्याच्या मते खिडकीखालची सगळी भिंत उतरवून लिंटेल बदलणे आणि भिंत पुन्हा रचणे एवढाच उपाय आहे. दोघांच्या दरपत्रकांत जवळजवळ चौपट फरक आहे. मी स्वतः हाताने बरीच कामे करतो, त्यामुळे फुटलेल्या विटा एकेक करून काढाव्यात आणि नव्या बसवाव्यात असाही विचार मनात आहे. यांपैकी कोणता मार्ग योग्य आहे, आणि ते ठरवण्यापूर्वी मी काय तपासावे?


पर्वतीपायथा (पुणे):

नमस्कार. वर्णनावरून हा लोणा वाटतो. आमच्या जुन्या वाड्याच्या विटांचेही असेच पोपडे निघत असत. आमच्याकडे अशा वेळी सैल भाग खरवडून, जाळी मारून, वॉटरप्रूफिंगचे रसायन मिसळलेल्या सिमेंटचे दोन हातांचे प्लास्टर करतात आणि त्यावर बाहेरचा रंग देतात. भिंत दिसायलाही चांगली होते आणि पावसाळाही निभावते. आपल्याकडे हा उपाय का चालू नये?


ओळंबा (टोरांटो):

मी स्थापत्य अभियंता असून गेली बरीच वर्षे येथील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. आधी पुण्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातूनच मूळ मुद्दा स्पष्ट होईल.

लोणा म्हणजे विटेतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाशी येणे आणि पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने तेथे उरणे. हे क्षार विटेच्या कातडीच्या आतच स्फटिकरूप झाले तर विटेचे पोपडे काढू शकतात, हे खरे आहे. परंतु येथे कपच्या हिवाळ्याच्या शेवटी पडतात, जाडजूड पडतात आणि पांढऱ्या भुकटीचा उल्लेख नाही. हे गोठण्या-वितळण्याचे नुकसान आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. विटेच्या छिद्रांत पुरेशी मोकळी जागा शिल्लक असेल तर ही वाढ तेथे सामावते आणि विटेला काही होत नाही. वीट जवळजवळ तुडुंब भिजलेली असतानाच गोठली, तरच तिचा दर्शनी थर उडतो. म्हणूनच कोरडी वीट उणे ३० अंशांतही शाबूत राहते आणि भिजलेली वीट उणे ५ अंशांत फुटते. दक्षिणेकडच्या भिंतीवर दिवसा ऊन पडून बर्फ वितळते आणि रात्री तेच पाणी विटेत गोठते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हे चक्र उत्तरेकडच्या भिंतीपेक्षा तेथे कितीतरी अधिक वेळा फिरते.

आता प्लास्टर का नको, ते सांगतो. पुण्यातली भिंत बहुधा भरीव असते. ओंटारियोतल्या या काळातल्या घरांत मात्र वीट हा लाकडी सांगाड्यासमोर उभा केलेला, सुमारे ९ सेंटिमीटर जाडीचा एकेरी पडदा असतो आणि त्याच्या मागे हवेची पोकळी असते. विटेतून आत झिरपलेले पाणी या पोकळीतून खाली उतरून लिंटेलवरच्या फ्लॅशिंगवर, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पातळ जलरोधक पट्टीवर, यावे आणि तेथल्या भोकांतून बाहेर पडावे, अशी ही रचना आहे. पुढून घट्ट प्लास्टर केले किंवा सिमेंटचा लेप दिला, तर वरून आत शिरणारे पाणी तसेच राहते आणि विटेचा सुकण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. पहिल्या कंत्राटदाराच्या लेपाचे आणि सीलरचे भवितव्यही तेच आहे. दोन-तीन हिवाळ्यांत तो लेप मागच्या विटेचा आणखी एक पापुद्रा सोबत घेऊनच खाली येईल.

त्यामुळे श्री. क्रेडिटकाठ यांच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा माझ्या मते कोणती वीट बसवावी हा नसून, घराच्या चार बाजूंपैकी नेमक्या याच सात थरांत एवढे पाणी कोठून येते, हा आहे. बाकी तीन बाजूंच्या विटा त्याच भट्टीच्या, त्याच वयाच्या आहेत आणि शाबूत आहेत. म्हणजे विटेच्या दर्जाला दोष देण्यापूर्वी पाण्याचा माग काढला पाहिजे. नुकसान खिडकीखाली केंद्रित आहे, हा फार मोलाचा धागा आहे. खिडकीची बाहेरची तळपट्टी उभ्या लावलेल्या विटांची असेल तर तिच्या वरच्या दरजा, म्हणजे विटांमधले मसाल्याने भरलेले सांधे, आकाशाकडे तोंड करून असतात आणि त्या सर्वांत आधी उघडतात. त्या पट्टीला पुरेसा बाहेरचा उतार आहे का, तिची कड भिंतीच्या पुढे येते का आणि खाली पाणी तोडणारी खाच आहे का, हे शिडी लावून पाहा. छपराची पन्हळ त्या बाजूला भरून वाहते का, तिच्या कडेला बर्फाचे लोंबते खांब तयार होतात का, हेही पाहा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बाथरूमच्या पंख्याचे, कपडे सुकवण्याच्या यंत्राचे किंवा फर्नेसचे बाहेरचे तोंड या भिंतीत असेल, तर हिवाळाभर निघणारी ऊबदार, दमट हवा थंड विटांवर पाणी होऊन बसते.

दुसरी तपासणी लिंटेलची आहे आणि तिच्यापूर्वी एक सूचना. या दरवाजावरच्या विटा आपण एकेक करून काढू नयेत. आपल्या भिंतीचे वजन चौरस मीटरला सुमारे पावणेदोनशे ते दोनशे किलो धरले, तर १६ फुटांच्या लिंटेलवर छपरापर्यंतच्या विटांचा भार अडीच टनांच्या आसपास जातो. साध्या, अरुंद दरवाजावर विटा परस्परांत कमान धरून बराचसा भार बाजूच्या भिंतींवर टाकतात आणि मधली एखादी वीट काढली तरी चालून जाते. येथे मात्र वर लगेच खिडकी असल्याने कमानीला जागाच नाही आणि गॅरेजच्या दोन्ही बाजूंचे विटांचे खांबही बहुधा अरुंद असतील. मजल्याचा आणि छपराचा भार मागचा लाकडी सांगाडा घेतो, त्यामुळे घर पडणार नाही. परंतु विटा गाडीवर किंवा माणसावर पडू शकतात.

लिंटेलच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणून मध्यभागी किती झोल आहे ते मोजा. विटांचा भार घेणाऱ्या लिंटेलचा झोल लांबीच्या सहाशेव्या भागापेक्षा, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे ८ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. टोकांपाशी लिंटेलच्या पातळीवरची आडवी दरज उघडली आहे का, आणि तेथून जिन्यासारखी वर चढत जाणारी भेग आहे का, तेही पाहा. गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. बंद दरजेत तो वाढला की वरच्या विटा अक्षरशः उचलतो आणि खांबाच्या कोपऱ्यावरच्या विटांना तडे पाडतो. शेवटी छिन्नीच्या टोकाने गंज खरवडून पाहा. एकावर एक साचलेले थर निघू लागले तर लिंटेल गेले असे समजा. नुसती लाल भुकटी निघून खाली टणक, चकचकीत पोलाद लागले तर ते बहुधा वाचू शकते.


यॉर्कशायरकर (लीड्स):

ओळंबा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. इंग्लंडमध्ये थंडी ओंटारियोच्या तुलनेत काहीच नाही. पण भिंती महिनोन्महिने ओल्या असतात, त्यामुळे विटा फुटण्याचा त्रास येथेही भरपूर आहे. आमचे घर १९३० च्या दशकातले असल्याने मला या विषयात नाइलाजाने शिरावे लागले. त्यातून दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा मसाल्याचा. ‘मजबूत सिमेंट म्हणजे मजबूत भिंत’ ही समजूत आपल्याकडच्या माणसांत फार खोल रुजलेली आहे. विटांच्या दरजा भरताना मात्र मसाला विटेपेक्षा कमकुवत असावा लागतो. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते आणि भिंतीची हालचाल दरज झेलते. झिजायचे असेल तर दरजेने झिजावे, कारण ती पुन्हा भरता येते आणि वीट मात्र भरता येत नाही. दरजेत विटेपेक्षा कठीण सिमेंट भरले की सगळी ओल विटेतून बाहेर पडू लागते आणि विटेच्या कडा फुटतात. आपल्या भिंतीवर एक तपासणी करा. विटा मधोमध फुटून दरजा मात्र पुढे आलेल्या, कपाटाच्या फळ्यांसारख्या उभ्या राहिल्या असतील, तर पूर्वी कोणीतरी कठीण मसाल्याने दरजा भरल्या असण्याची शक्यता मोठी आहे. खिडकीखालच्याच भागात दरजांचा रंग वेगळा दिसतो का, तेही पाहा.

दुसरा मुद्दा सीलरचा. ओळंबा यांनी सीलर सरसकट नाकारला आहे. पृष्ठभागावर पातळ कातडी धरणारे ॲक्रिलिक किंवा चकचकीत सीलर नकोतच, यात दुमत नाही. परंतु सिलेन-सिलोक्सेन जातीची द्रव्ये विटेच्या छिद्रांच्या भिंतींवर बसतात, छिद्रे बुजवत नाहीत आणि वाफ बाहेर जाऊ देतात. पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला, सगळी दुरुस्ती होऊन ती पूर्ण सुकल्यावर, ही द्रव्ये उपयोगी पडतात असे मला वाटते.


क्रेडिटकाठ (मिसिसागा):

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे शनिवारी शिडी लावून सगळे तपासले, आणि खालून न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी समोर आल्या.

खिडकीची तळपट्टी उभ्या विटांचीच आहे. तिचा उतार जवळजवळ शून्य आहे. मध्यभागी तर पाणी मागे, खिडकीच्या चौकटीकडेच वळते. वरच्या दरजांपैकी निम्म्याहून अधिक दरजांत मी पत्र्याची पट्टी बोटभर आत सारू शकलो. पट्टीची कड भिंतीच्या जेमतेम अर्धा इंच पुढे आहे आणि खाली खाच नाही. पन्हळ ठीक आहे आणि भिंतीत कोणत्याही पंख्याचे तोंड नाही.

यॉर्कशायरकर यांनी म्हटल्याप्रमाणे खिडकीखालच्या दरजा खरोखरच वेगळ्या, करड्या आणि काचेसारख्या कठीण आहेत. हातोडीने हळूच ठोकून पाहिले तर बाजूच्या विटा खणखणीत वाजतात आणि खिडकीखालच्या बऱ्याच विटा, ज्यांचे तोंड अजून शाबूत दिसते त्यासुद्धा, बद्द वाजतात.

सर्वांत आश्चर्याची गोष्ट लिंटेलपाशी दिसली. पहिल्या थराच्या विटा आणि पोलाद यांच्या मधल्या फटीत पूर्वीच्या मालकाने टोकापासून टोकापर्यंत सिलिकॉनसारखे काहीतरी भरले आहे आणि त्यावर तपकिरी रंग दिला आहे. पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके मला कोठेच दिसली नाहीत. एका ठिकाणी ते सिलिकॉन चाकूने कापले, तर तेथून चमचाभर मातकट पाणी बाहेर आले. त्या आधी चार दिवस पाऊस नव्हता.

दोरी ताणून मध्यभागी झोल ५ ते ६ मिलिमीटर भरला. उजव्या टोकाला आडवी दरज उघडली आहे, पण जिन्यासारखी भेग नाही. सिलिकॉन कापले तेथे छिन्नी लावली, तेव्हा पापुद्र्यासारखे दोन थर निघाले आणि खाली खड्डे पडलेले पण टणक पोलाद लागले. आता याचा अर्थ काय घ्यावा?


ओळंबा (टोरांटो):

आपण केलेली पाहणी अनेक व्यावसायिकांच्या पाहणीपेक्षा नेटकी आहे. चित्र आता बऱ्यापैकी पूर्ण झाले आहे. तळपट्टीतून पाणी आत जाते, कठीण दरजांमुळे ते समोरून लवकर सुकत नाही आणि खाली उतरलेले पाणी सिलिकॉनमुळे बाहेर पडत नाही. परिणामी लिंटेलवर पाणी साचून राहते आणि वरचे थर खालूनही भिजतात. लिंटेलवरची ती फट सिलिकॉनने भरणे हे येथे सर्रास चालते, कारण फट दिसली की ती बुजवावी असे कोणालाही वाटते. परंतु ती फट आणि ती भोके हाच पाण्याचा दरवाजा आहे. ओंटारियोच्या नियमांप्रमाणे ही भोके एकमेकांपासून ८०० मिलिमीटरपेक्षा दूर नसावीत, म्हणजे आपल्या लिंटेलवर किमान सहा-सात तरी हवीत.

आज करण्यासारखे काम एवढेच आहे की ते सिलिकॉन कापून काढा आणि तळपट्टीच्या दरजांवर तात्पुरती पत्र्याची किंवा जलरोधक कापडाची झाकणी घाला. झाकणीची वरची कड खिडकीच्या चौकटीखाली घट्ट बसवा आणि खालची भिंतीपासून दूर, मोकळी ठेवा, म्हणजे मागची हवा खेळती राहील. सुट्या झालेल्या कपच्या हाताने काढून टाका. बाकी कामाला घाई नाही. मसाल्याच्या कामाला दिवसरात्र ५ अंशांच्या वरचे तापमान हवे, आणि ताज्या दरजा गोठल्या तर केलेले सगळे काम वाया जाते. येथे मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम आहे. चुन्याचे प्रमाण अधिक असेल तर सप्टेंबरचा शेवटसुद्धा उशिराचा समजावा.

दुसऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे मला आता अधिक पटते, पण एका दुरुस्तीसह. खिडकीखालचे सात थर उतरवावेच लागतील, कारण बद्द वाजणाऱ्या विटा आतून सुटलेल्या आहेत आणि फ्लॅशिंग नव्याने घालायचे तर तेथवर पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही. मात्र लिंटेल बदलायचे की नाही हे विटा उतरवल्यावर, काटकोनी पोलादाचा (अँगलचा) उभा आणि आडवा असे दोन्ही पाय उघडे झाल्यावर, शिल्लक जाडी मोजूनच ठरवावे. १६ फुटांच्या गाळ्यासाठी अँगलचे माप पुस्तकातल्या तक्त्यावरून उचलण्याजोगे नसते. लिंटेल मागच्या तुळईला बोल्टने जोडलेले आहे की नुसते दोन खांबांवर टेकलेले आहे, यावरही बरेच अवलंबून असते. त्यामुळे प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो या संस्थेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याची लेखी सूचना आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाची परवानगी, या दोन्ही गोष्टी आधी घ्या. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला काम चालू असताना टेकू कसे द्यायचे, हेही त्याच सूचनेत यायला हवे. कंत्राटदाराने ‘ते आम्ही बघतो’ असे म्हटले, तर ते पुरेसे नाही.

लिंटेल बदलले तर गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेले घ्यावे, नुसते प्रायमर मारलेले घेऊ नये. ते टोकांना विटांच्या खांबांवर निदान ९० मिलिमीटर टेकलेले असावे आणि एवढ्या रुंद दरवाजाला बहुधा त्याहून अधिक लागेल. त्यावर फ्लॅशिंग टाकताना तीन ठिकाणी चुका होतात. फ्लॅशिंगची मागची कड वर चढवून घराच्या सांगाड्यावरच्या जलरोधक कागदाच्या मागे खोचली पाहिजे, समोर चिकटवून चालत नाही. दोन्ही टोकांना ते दुमडून वर उचलले पाहिजे, नाहीतर पाणी आडवे वाहून थेट खांबाच्या विटांत शिरते. आणि पुढची कड विटेच्या बाहेर किंचित आणून खाली वळवली पाहिजे, म्हणजे पाणी पोलादाला वळसा घालून मागे जाणार नाही. ही तिसरी गोष्ट गवंड्यांना आवडत नाही, कारण खालून पाहणाऱ्याला पत्र्याची कड दिसते. दिसू द्यावी.

विटा उतरवल्यावर मागे सांगाड्याला ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या दिसतील. वीट सांगाड्याला धरून ठेवते ती याच पट्ट्यांनी. इतकी वर्षे ओलीत राहिल्याने त्या गंजलेल्या असण्याची शक्यता आहे, म्हणून नव्या रचनेत त्या गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस बसवून घ्या. पोकळी २५ मिलिमीटर मोकळी राहिली पाहिजे. मसाला खाली पडून भोके बुजू नयेत म्हणून लिंटेलवर जाळीची पट्टी घालतात, ती जरूर घ्या. तिचा खर्च किरकोळ असतो.

मसाल्याबद्दल यॉर्कशायरकर यांचे म्हणणे योग्य आहे. १९८० च्या दशकातल्या येथील विटेला मात्र इंग्लंडच्या जुन्या विटेइतका मऊ मसाला लागत नाही. नव्या सात थरांना एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे टाइप एन नावाचे मिश्रण पुरेसे आहे. अर्धा भाग चुना आणि साडेचार भाग वाळूचे टाइप एस कोणी सुचवले तर दर्शनी भिंतीसाठी नको म्हणा. बाजूच्या भिंतीतल्या करड्या दरजा काढायच्या असतील तर त्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल, म्हणजे १० मिलिमीटरच्या दरजेला २० ते २५ मिलिमीटर खोल काढाव्यात. वरवर खरवडून थापलेला मसाला दोन हिवाळ्यांत गळून पडतो. उभ्या दरजांत ग्राइंडर घालू देऊ नका. त्यांच्या दोन्ही टोकांना विटा कापल्या जातातच. तेथे छिन्नीच हवी.

सीलरविषयी मी माझ्या मतावर ठाम आहे. सिलेन-सिलोक्सेन वाफ जाऊ देते, हे मान्य. परंतु भेगेतून किंवा तळपट्टीतून आत आलेले पाणी वाफ होऊनच बाहेर पडावे लागते आणि ती गती फार मंद असते. शिवाय क्षार मागे अडकतात. फ्लॅशिंग आणि भोके नीट असतील तर या भिंतीला त्याची गरज नाही, आणि ती नीट नसतील तर ते द्रव्य वाचवू शकणार नाही.


यॉर्कशायरकर (लीड्स):

आपल्या भिंतीच्या बाबतीत हे मान्य करतो. समुद्रावरून येणारा आडवा पाऊस आणि पोकळी नसलेली भरीव भिंत या परिस्थितीत माझे मत कायम आहे, पण तो येथला प्रश्न नाही. तळपट्टीविषयी मात्र एक विचारतो: ती पुन्हा उभ्या विटांचीच का करावी? आमच्याकडे अशा ठिकाणी अखंड दगडाची किंवा काँक्रीटची पट्टी बसवतात. १५ अंशांचा उतार, पुढे आलेली कड, खाली खाच, आणि दरजा एक-दोनच. दरजाच नसतील तर उघडणार काय?


ब्रॅम्प्टनकर:

या शेवटच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांनी उभ्या विटांच्या तळपट्ट्या काढून चुनखडीच्या दगडाच्या बसवल्या आहेत. पट्टीच्या खालीही फ्लॅशिंग घालून घ्यावे. दगड अखंड असला तरी त्याच्या टोकांना दरज असतेच.

विटा जुळवण्याविषयी लिहितो, कारण समोरच्या दर्शनी भागात हाच सर्वांत डोकेदुखीचा भाग असतो. येथे जुन्या इंची मापाच्या आणि नंतरच्या मेट्रिक मापाच्या विटा दोन्ही आढळतात आणि उंचीतला थोडासा फरकही सात थरांत साठत जाऊन शेवटी खिडकीखाली अंगठ्याएवढी दरज उरते. म्हणून रंगाच्या आधी माप पाहा. एक शाबूत वीट उतरवून ती हातात घेऊन विटांच्या वखारीत जा, फोटो दाखवून उपयोग होत नाही. ओली वीट आणि कोरडी वीट यांचा रंग फार वेगळा दिसतो, त्यामुळे दोन्ही विटा कोरड्या असताना आणि उन्हात धरूनच जुळवा. आपली वीट आता बनत नसेल तर घराच्या मागच्या, कोणी न पाहणाऱ्या भागातल्या विटा काढून पुढे लावायच्या आणि मागे नव्या बसवायच्या, हा मार्ग खर्चिक असला तरी समोरून ठिगळ दिसत नाही. काही गवंडी जुनी वीट उलटी फिरवून मागचे तोंड पुढे आणतात. विटेचे तोंड नक्षीचे किंवा वाळूचे नसेल आणि वीट खणखणीत वाजत असेल तरच ते चालते. आपल्या बद्द विटांना ते लागू नाही. नवी वीट घेताना ती बाहेरच्या वापरासाठीच्या दर्जाची आहे हे बिलावर लिहून घ्या. जुन्या इमारती पाडून मिळालेल्या विटा दिसायला सुरेख असतात, पण त्यांत आतल्या भिंतींसाठी भाजलेल्या मऊ विटा मिसळलेल्या असतात आणि त्या पहिल्याच हिवाळ्यात फुटतात.

दरपत्रक नव्याने मागवताना फ्लॅशिंग, टोकांच्या दुमडी, भोकांची संख्या, पट्ट्या, मसाल्याचा प्रकार आणि टेकू यांची कलमे वेगवेगळी लिहून मागा. ज्याच्या कागदावर नुसते ‘विटांची दुरुस्ती’ एवढेच असेल, त्याच्याशी बोलणे पुढे नेऊ नका. घरविम्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. हळूहळू होत गेलेल्या झिजेला तो सहसा लागू होत नाही.


क्रेडिटकाठ (मिसिसागा):

अभियंत्याशी बोलणे झाले असून ते पुढच्या आठवड्यात पाहणीला येत आहेत. सिलिकॉन पूर्ण काढले आणि दगडी तळपट्टीचे माप घेतले. एकच शंका उरली आहे: विटा उतरवण्यापर्यंतची तोडफोड मी स्वतः केली तर चालेल का? त्याने मजुरीत बरीच बचत होईल असे कंत्राटदार म्हणतो.


ओळंबा (टोरांटो):

टेकू लागून अभियंत्याने ते पाहिल्यानंतर, वरच्या थरापासून खाली, एका वेळी एक थर अशा क्रमाने उतरवणार असाल तर हरकत नाही. खालच्या थराला वर विटा असताना हात लावू नका. गॅरेजचा दरवाजा बंद करून त्याच्या मोटारीची वीज काढून ठेवा. दरवाजावरच्या स्प्रिंगला तर हातही लावू नका, तिच्यातला ताण जीवघेणा असतो. डोक्याला हेल्मेट आणि नाकातोंडाला सिलिकाच्या धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क हवा. साध्या कापडी मास्कने ती धूळ अडत नाही. शाबूत विटांवरचा जुना मसाला छिन्नीने काढून त्या बाजूला रचून ठेवा, खांबाच्या दुरुस्तीला लागतील. आणि पोलाद उघडे झाले की पुढचे काही करण्यापूर्वी त्याचे दोन्ही पाय तारेच्या ब्रशने साफ करून अभियंत्याला जाडी मोजू द्या.